विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी बालशिक्षिकांचं प्रशिक्षण: ब्लेंडेड पद्धतीनं आखायचं तर कसं?

बालवर्गाच्या शिक्षिकांना विशेष गरजांविषयी प्रशिक्षण द्यायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी एकच साचा निघतो. पहिल्या दिवशी अक्षमतेचे प्रकार, दुसऱ्या दिवशी कायदे आणि धोरणं, तिसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. नंतर ऑनलाइनची सोय झाली, तेव्हा याच स्लाइड्स व्हिडिओत भरल्या गेल्या आणि त्यालाच ब्लेंडेड म्हणायला सुरुवात झाली. शिक्षिका वर्गात परत जाते तेव्हा तिच्यासमोर खुर्ची सरकली की कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरणारं चार वर्षांचं मूल असतं. त्या क्षणी काय करायचं, हे स्लाइडवर कुठेच आलेलं नसतं.

ब्लेंडेड प्रशिक्षणाचे दोन भाग सगळ्यांना ठाऊक असतात: फोनवर किंवा संगणकावर करायचं ते, आणि एकत्र जमून करायचं ते. तिसरा भाग हमखास राहून जातो. तो म्हणजे शिक्षिकेचा स्वतःचा वर्ग, तिथला रोजचा सराव आणि त्या सरावावर कुणीतरी जाणत्यानं केलेली चर्चा. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकातच हे मांडलं होतं. सिद्धांत सांगितला, प्रात्यक्षिक दाखवलं, कार्यशाळेत सरावही करून घेतला, तरी त्यातलं वर्गात फार थोडं उतरतं. वर्गात पाठबळ देणारं माणूस सोबत असलं की मात्र उतरतं. म्हणून मी आखणीची सुरुवात या तिसऱ्या भागापासून करायला सांगते. ऑनलाइन भाग आणि प्रत्यक्ष सत्रं त्याच्या सोयीनं बसवायची.

पायरी १: शिक्षिका वर्गात वेगळं काय करेल, ते आधी लिहा

‘समावेशक शिक्षणाची जाणीव निर्माण होईल’ असलं उद्दिष्ट कागदावर छान दिसतं, पण ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी सहा कृती लिहा. वर्गाच्या दारात उभं राहून दहा मिनिटांत ज्या डोळ्यांना दिसतील, अशाच कृती घ्या. माझी यादी साधारण अशी असते:

– शिक्षिका एका मुलाचं निरीक्षण करून ‘दिसलं ते’ आणि ‘वाटलं ते’ वेगवेगळं लिहिते.
– दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावते आणि प्रत्येक बदलाच्या वेळी ती पट्टी खरोखर वापरते.
– सूचना दिल्यावर मुलाला प्रतिसादासाठी वेळ देते.
– मदत लागेल तेवढीच करते आणि हळूहळू काढून घेते.
– अडचणीच्या वर्तनाआधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, याची नोंद ठेवते.
– पालकांशी मुलाविषयी बोलताना निदान न करता निरीक्षण सांगते.

तिसरा मुद्दा अगदीच क्षुल्लक वाटेल. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. ज्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायला किंवा हालचाल सुरू करायलाच वेळ लागतो, त्याच्यासाठी तर त्या सेकंदांवरच सगळं असतं.

यादीत निदान नाही, हे मुद्दाम आहे. मुलाला कोणती अक्षमता आहे हे ठरवणं तज्ज्ञांचं काम. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वापरली जाणारी एम-चॅट ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) प्रश्नावलीसुद्धा फक्त पुढच्या तपासणीची गरज आहे का एवढंच सांगते. आठवड्याभराच्या प्रशिक्षणानंतर शिक्षिका ‘हा ऑटिस्टिक वाटतो’ म्हणू लागली, तर प्रशिक्षणानं नुकसानच केलं म्हणायचं. ‘लक्षच देत नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्याच्या कानात पडद्यामागे द्रव साचलेला असू शकतो. सर्दीच्या दिवसांत लहान मुलांना असं बरेचदा होतं, ऐकू कमी येतं, आणि ते दर आठवड्याला कमीजास्तही होतं. शिक्षिकेनं ‘पाठमोऱ्या अवस्थेत हाक मारली तर पाचपैकी चार वेळा वळला नाही, समोरून मारली तर वळला’ एवढं लिहून दिलं, तर तपासणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग होतो.

पायरी २: शिकणाऱ्यांची परिस्थिती विचारा

हे काम फॉर्म पाठवून उरकू नका, फोन करा. फोन स्वतःचा आहे की घरात वाटून वापरला जातो? डेटा किती पुरतो? निवांत अर्धा तास कधी मिळतो? सध्या वर्गात विशेष गरजा असलेलं मूल आहे का? आणि हे आवर्जून विचारा: स्वतःला ऐकण्या-पाहण्यात, लिहिण्यात काही अडचण आहे का? शिक्षिकांमध्येही अक्षमता असलेल्या व्यक्ती असतात आणि प्रशिक्षण आखणारे ते सहज विसरतात.

वर्गात असं मूल नाही म्हणणाऱ्या शिक्षिकांनाही घ्या. निरीक्षण कुठल्याही मुलाचं करता येतं, आणि चित्रांची पट्टी अख्ख्या वर्गाच्या कामाची असते.

पायरी ३: कोणता विषय कुठे, याची वाटणी

यासाठी तीन प्रश्न पुरतात. हे पुन्हा पुन्हा पाहावं लागेल का? मग ते ऑनलाइन. चुकलं तर तिथल्या तिथे कुणी दुरुस्त करावं लागेल का? मग ते प्रत्यक्ष सत्रात. त्या विशिष्ट मुलासोबतच करून बघावं लागेल का? मग ते वर्गात, मार्गदर्शकाच्या सोबतीनं.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर आणि शरीराच्या ठेवणीवर परिणाम होणारी अवस्था) असलेल्या मुलाला नीट बसवणं, उचलणं, आधार देणं हे कधीही केवळ व्हिडिओवरून शिकवू नका. ते फिजिओथेरपिस्टनं हात लावून दाखवायचं, आणि तेही त्या मुलाच्या संदर्भात. गिळताना त्रास होणाऱ्या मुलाला भरवण्याचंही तसंच. फिट आल्यावरच्या प्रथमोपचाराला मात्र दोन्ही मार्ग हवेत. क्रम व्हिडिओत: घड्याळ पाहायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, पाच मिनिटांहून जास्त चाललं, एकामागोमाग दुसरी फिट आली किंवा ही पहिलीच फिट असेल तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. कुशीवर वळवण्याचा सराव मात्र एकमेकींवर, चटईवर, प्रत्यक्ष सत्रात. आणि एखाद्या मुलाच्या डॉक्टरांनी लेखी सूचना दिली असेल तर तीच पाळायची.

धोरणं आणि कायदे यांच्यासाठी एक पान पुरे. १९९४ साली स्पेनमधल्या सलामांका इथे झालेल्या परिषदेनं समावेशक शिक्षणाची जाहीरनाम्यात ठाम मांडणी केली, आणि अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या कराराचं कलम २४ शिक्षणाबद्दल आहे. शिक्षकांना प्रशिक्षित करण्याची जबाबदारी त्यात राष्ट्रांवर टाकलेली आहे. एवढं वाचायला द्या. आपल्या देशातला कायदा जोडा. यावर प्रत्यक्ष सत्रातला एक तासही खर्च करू नका.

एक गोष्ट कुठेच ठेवू नका: डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावण्याचा खेळ. प्रशिक्षकांना तो फार आवडतो, कारण सगळे भारावून जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की अशी नक्कल केलेले लोक अंध व्यक्तींना उलट कमी सक्षम समजू लागले. साहजिकच आहे, पट्टी बांधल्यावरची पहिली पाच मिनिटं म्हणजे अंध माणसाचं रोजचं आयुष्य नव्हे. त्या वेळात अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीला किंवा एखाद्या पालकाला बोलवा, मानधन द्या, आणि त्यांना किंवा त्यांच्या मुलाला बालवर्गात काय उपयोगी पडलं, काय नाही, एवढंच विचारा.

पायरी ४: वेळापत्रक

सगळं एका आठवड्यात कोंबायचा मोह आवरा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला, तेव्हापासून एवढं पक्कं माहीत आहे की एका बैठकीत घोकलेलं झपाट्यानं पुसतं आणि अंतर ठेवून उजळणी केलेलं टिकतं. चालणारी एक मांडणी सांगते.

सुरुवातीला दोन दिवस प्रत्यक्ष. मग दोन-दोन आठवड्यांची सहा चक्रं, प्रत्येक चक्रात वरच्या यादीतली एकच कृती. पहिल्या आठवड्यात ऑनलाइन पाठ, दुसऱ्या आठवड्यात वर्गात प्रयोग आणि मार्गदर्शकाशी बोलणं. तिसऱ्या चक्रानंतर एक प्रत्यक्ष दिवस आणि शेवटी आणखी एक. दिवसाचे सहा तास धरले तर चार दिवसांचे २४ तास होतात. ऑनलाइनला चक्रामागे दोन तास, म्हणजे १२. वर्गातला सराव आणि त्यावरची चर्चा धरून आणखी १२. एकूण ४८ तास, साधारण तीन महिन्यांवर पसरलेले.

पहिले दोन दिवस एकत्रच घ्या. एकमेकींचे चेहरे ओळखीचे झाले नाहीत, तर पुढे स्वतःच्या वर्गाचा व्हिडिओ कोणी मोकळेपणानं दाखवत नाही. त्याच दिवशी प्रत्येकीच्या फोनवर पाठ उतरवून, उघडून, एक उत्तर पाठवून बघायचं. तांत्रिक अडचणी इथेच निपटल्या तर पुढच्या निम्म्या गळत्या टळतात, असा माझा अंदाज.

पायरी ५: ऑनलाइन पाठ कसा रचायचा

एका पाठात एकच कृती, आणि एकही व्हिडिओ सहा मिनिटांहून मोठा नको. त्यातही बोलणारा तज्ज्ञ कमीत कमी. शिक्षिकांना दुसऱ्या शिक्षिकेचा वर्ग बघायचा असतो.

निरीक्षणाचा पाठ उदाहरणादाखल बघू. पहिली क्लिप दोन मिनिटांची, निवेदन अजिबात नाही. मुलं गोल बसायला खुर्च्या ओढताहेत. एक मुलगी कानांवर तळवे दाबते, खांदे वर उचलते आणि टेबलाखाली जाते. शिक्षिका वाकून म्हणते, ‘बाहेर ये बघू, गाणं म्हणायचंय.’ मुलगी आणखी आत सरकते. क्लिप थांबते. पडद्यावर एकच सूचना येते: जे दिसलं तेवढंच पाच वाक्यांत लिहा.

बहुतेकींच्या उत्तरात ‘हट्टी आहे’, ‘गाणं आवडत नाही’, ‘लक्ष वेधून घेते’ येतं. यातलं काहीही क्लिपमध्ये दिसत नाही. उत्तर पाठवल्याशिवाय पुढचा भाग उघडू नये, अशी व्यवस्था ठेवा. पुढच्या भागात तीच क्लिप पुन्हा, या वेळी प्रत्येक क्षणाची वेळ आणि साधी नोंद घेऊन: आधी खुर्च्यांचा आवाज, मग कान, मग टेबल, गाण्याचा उल्लेख येतो तोवर ती आधीच टेबलाखाली असते. आता शिक्षिकेनं आपल्या पाच वाक्यांवर खुणा करायच्या, कोणतं दिसलेलं आणि कोणतं वाटलेलं.

तिसरी क्लिप तीन आठवड्यांनंतरची. खुर्च्यांच्या पायांना जाड कापड लावलंय. खुर्च्या हलवायच्या आधी शिक्षिका चित्रांच्या पट्टीवरचं गाण्याचं चित्र दाखवते, आणि ती मुलगी आधीच जाऊन गालिच्यावर बसते. एकदा कुणाची तरी खुर्ची पडते, ती कान झाकते, पण जागेवर राहते. ही पडलेली खुर्ची संपादनात कापू नका. सगळं गुळगुळीत झालेली क्लिप पाहून शिक्षिका म्हणतात, आमच्याकडे असं होत नाही.

शेवटचं काम वर्गातलं: उद्या एका मुलाचं दहा मिनिटं निरीक्षण करा, दोन रकाने करा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फाइल उतरवून ठेवता यायला हवी, म्हणजे नेट नसतानाही चालते. दृश्याचा दर्जा कमी ठेवा, आवाजाचा चांगला. प्रत्येक व्हिडिओवर बोललेलं लिहून दाखवणाऱ्या ओळी (सबटायटल्स) हव्यात, लिखित संहिता हवी, आणि पडद्यावर महत्त्वाचं काही घडत असेल तर ते शब्दांत सांगणारा एक आवाजी पर्याय हवा. उत्तर टंकून, बोलून किंवा कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवून, कसंही चालावं. अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेनं विकसित केलेल्या सार्वत्रिक अध्ययन आराखड्याची तीन तत्त्वं हीच सांगतात: शिकणाऱ्याला गुंतवण्याचे, माहिती मांडण्याचे आणि उत्तर व्यक्त करण्याचे एकाहून अधिक मार्ग ठेवा. शिक्षिकेनं हे मुलांसाठी करावं अशी आपली अपेक्षा असेल, तर आपल्या पाठातच ते तिला अनुभवायला मिळू दे.

चर्चेचे गट सहा ते आठ जणींचे ठेवा. पन्नास जणींच्या गटात शुभेच्छांपलीकडे काही येत नाही.

पायरी ६: प्रत्यक्ष दिवसांत भाषण नको

जे व्हिडिओत सांगता येतं ते सत्रात सांगायचं नाही, हा नियम आयोजकांना आधीच लेखी कळवा. नाहीतर सन्माननीय वक्ते येतात आणि सकाळ जाते.

सूक्ष्म अध्यापनाची पद्धत १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि सहकाऱ्यांनी घडवली: छोटा पाठ, लगेच अभिप्राय, तोच पाठ पुन्हा. इथे ती उत्तम चालते. तिघींचा गट करा. एक शिक्षिका, एक मूल, एक निरीक्षक. चार मिनिटं प्रसंग, तीन मिनिटं बोलणं, आणि तोच प्रसंग पुन्हा चार मिनिटं. दुसरी फेरी वगळू नका. शिकणं बहुतेक तिच्यातच होतं.

मुलाची भूमिका करणाऱ्या शिक्षिकेला कागदावर फक्त कृती द्या: ‘बोललेल्या सूचनेला प्रतिसाद देऊ नकोस, चित्र किंवा वस्तू दाखवली तर दे.’ अक्षमतेचं नाव देऊ नका. दिलं तर लगेच वेडेवाकडे हावभाव सुरू होतात.

मदतीच्या पायऱ्यांचा सरावही इथलाच. टोपीचं बटण लावायचंय असं समजा. आधी नुसतं थांबायचं. मग बोटानं दाखवायचं, मग एकदा करून दाखवायचं, मग हाताला हलका आधार, आणि तोही मूल चालवून घेत असेल तरच. नव्या कौशल्यासाठी उलट क्रमही असतो, म्हणजे जास्त मदतीनं सुरुवात करून ती काढत न्यायची. कोणता क्रम कधी हे शिक्षिकेला पटकन कळत नाही. एक सोपी खूण: मुलाला ते कधीतरी एकट्यानं जमलं असेल तर कमीपासून सुरू करा, कधीच जमलं नसेल आणि चुकण्याचा त्याला त्रास होत असेल तर जास्तपासून.

पालकांशी बोलण्याचा सराव मधल्या दिवशी ठेवा. ‘तुमच्या मुलाला काहीतरी प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य नेमकं कसं टाळायचं, ते तोंडातून काढूनच येतं. ‘गेल्या दोन आठवड्यांत मी हे पाहिलं. घरी कसं असतं?’ इथून सुरुवात करायची आणि मग गप्प बसायचं. पालकाची भूमिका करणारीनं एकदा रडावं, एकदा रागवावं, एकदा ‘आमच्याकडे सगळी मुलं उशिराच बोलतात’ म्हणावं. तिन्ही प्रसंग खऱ्या वर्गात येतात.

पायरी ७: वर्गातला सराव आणि मार्गदर्शक

पैसे कमी पडत असतील तर व्हिडिओचं संपादन साधं ठेवा, हॉल लहान घ्या, पण मार्गदर्शकाचे तास कापू नका. एका मार्गदर्शकाकडे आठ ते दहा शिक्षिका, याहून जास्त नकोत. मार्गदर्शक स्वतः बालवर्गात काम केलेली असावी आणि तिच्याकडे शिक्षिकेच्या मूल्यमापनाचा अधिकार नसावा. नेमणुका, पगार, गोपनीय अहवाल यांच्याशी जिचा संबंध आहे तिला खरा व्हिडिओ कोण दाखवेल?

चक्राच्या दुसऱ्या आठवड्यात शिक्षिका दिनक्रमातला एकच प्रसंग निवडते. हात धुणं, खेळ आवरणं, गोष्टीला बसणं असं काहीही. त्या प्रसंगात तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ, कॅमेरा तिच्यावर. मग वीस मिनिटांचा फोन. फोनवर मार्गदर्शकानं आधी बोलायचं नाही, विचारायचं. असं काहीसं:

‘ताई, व्हिडिओ पाहिलात ना? तुम्हाला स्वतःला काय दिसलं?’

‘मी फार बोलते हो. चित्र दाखवते आणि लगेच तोंडानंही सांगते.’

‘कुठे जाणवलं?’

‘हात धुवायच्या वेळी. त्यानं चित्राकडे पाहिलं, उठणार होता, तेवढ्यात मी चल चल म्हटलं. मग परत बसला.’

‘मलाही तिथेच थांबून बघावंसं वाटलं. त्यानं चित्राकडे पाहिलं हे तुम्ही टिपलंत, ते महत्त्वाचं. पुढच्या वेळी काय करून बघाल?’

‘चित्र दाखवून मनात पाचपर्यंत मोजते.’

‘चालेल. रोज एकदाच, हात धुवायच्या वेळीच. बाकीचं आहे तसं राहू दे.’

या संभाषणात मार्गदर्शकानं एकही नवा सल्ला दिलेला नाही. अनुभवी माणसांना हेच सगळ्यात जड जातं, म्हणून मार्गदर्शकांचंही वेगळं प्रशिक्षण घ्या आणि त्यांचे काही फोन, शिक्षिकेच्या परवानगीनं, ध्वनिमुद्रित करून आपसात ऐका. सुरक्षिततेचा प्रश्न दिसला, उदाहरणार्थ मुलाला ओढलं जातंय किंवा खुर्चीला बांधलंय, तर मात्र विचारत बसायचं नाही. स्पष्ट सांगायचं आणि ठरलेल्या व्यक्तीला कळवायचं. ती व्यक्ती कोण, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना माहीत हवं.

अडचणीच्या वर्तनाच्या चक्रात मार्गदर्शकाची सर्वाधिक गरज लागते. निदान पाच प्रसंगांची नोंद झाल्याशिवाय उपाय ठरवू देऊ नका. चावणाऱ्या मुलाच्या नोंदीत दर वेळी आधी ‘खेळणं काढून घेतलं’ आणि नंतर ‘खेळणं परत मिळालं’ असं दिसत असेल, तर चावणं हे त्याचं मागणं आहे. त्याला ‘मला दे’ म्हणायची दुसरी रीत शिकवायची, खूण असो की चित्र, आणि ती वापरली की खेळणं लगेच मिळायला हवं. सुरुवातीच्या दिवसांत हे ‘लगेच’ पाळलं गेलं नाही तर मूल परत दातांकडे वळतं.

व्हिडिओ आणि परवानगी

हा भाग कागदपत्रांचा म्हणून मागे टाकला जातो, आणि गोत्यात आणतो. चौकटीत येऊ शकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी घ्या. व्हिडिओ कशासाठी, कोण पाहणार, कुठे राहणार आणि कोणत्या तारखेला पुसला जाणार, हे चार मुद्दे सोप्या भाषेत असावेत. नकार दिला म्हणून मुलाला मिळणाऱ्या वागणुकीत फरक पडणार नाही, हेही लिहा. साध्या मेसेजच्या गटात व्हिडिओ टाकू नका, तो पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. मूल अनावर होऊन रडत असताना किंवा स्वच्छतागृहात असताना चित्रण करायचंच नाही. मूल कॅमेऱ्याकडे बघून अस्वस्थ झालं, तर थांबवायचं. परवानगी पालकांची असली तरी.

परवानगी मिळाली नाही तर सराव अडत नाही. शिक्षिका प्रसंगानंतर लगेच दोन मिनिटं स्वतःचा आवाज मुद्रित करते, किंवा मार्गदर्शक वर्गात येऊन बसते.

पायरी ८: प्रमाणपत्र कशावर द्यायचं

पर्यायी उत्तरांच्या चाचणीत ९० गुण मिळवणारी शिक्षिका वर्गात पूर्वीसारखीच असू शकते. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात एकाच प्रसंगाचा, तेवढ्याच मिनिटांचा व्हिडिओ घ्या, आणि पहिल्या पायरीतल्या सहा कृतींची यादी घेऊन दोन जणींनी वेगवेगळं पाहा. दोघींचं जुळत नसेल तर कृतीचं वर्णन ढोबळ आहे, ते सुधारा.

मुलाची बाजूही मोजा. दहा मिनिटांचे तीस-तीस सेकंदांचे वीस तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मूल चाललेल्या कामात सहभागी आहे का, एवढीच खूण करा. वीसपैकी चारवरून नऊवर आलं, तर बोलण्यासारखं काहीतरी घडलंय. आकडा हललाच नाही, तर लगेच शिक्षिकेला दोष देऊ नका. प्रसंग चुकीचा निवडला असेल, किंवा मुलाला तज्ज्ञांची मदत हवी असेल.

तीन महिन्यांनी एकदा फोन करा. चित्रांची पट्टी अजून भिंतीवर आहे का, आणि आज सकाळी वापरली का, हे दोनच प्रश्न विचारले तरी बरंच कळतं.

कुठे अडतं

मुख्याध्यापकांना विश्वासात घेतलेलं नसतं. शिक्षिका शिकून येते आणि गालिचा टाकायला परवानगी मिळत नाही. पहिल्या प्रत्यक्ष दिवसाचा शेवटचा तास त्यांच्यासाठी ठेवा आणि ठोस मागा: आठवड्यातली पाऊण तासाची मोकळीक, कपाटातला एक कप्पा, चित्रं छापायची सोय.

तिसऱ्या चक्राच्या सुमाराला गळती होते. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि मुलात बदल अजून दिसत नसतो. म्हणूनच मधला प्रत्यक्ष दिवस तिथे ठेवलाय. त्या दिवशी पहिल्या दोन चक्रांतले व्हिडिओ शेजारी-शेजारी लावून बघा. स्वतःतला बदल मुलातल्या बदलाच्या आधी दिसतो.

आयोजकांकडून एक मागणी हटकून येते: सहा चक्रं आहेतच, तर प्रत्येक अक्षमतेवर एकेक पाठ घाला. ठामपणे नाही म्हणा. अक्षमतानिहाय माहिती संदर्भासाठी वेगळी ठेवा. ज्या शिक्षिकेच्या वर्गात श्रवणयंत्र लावणारं मूल आहे ती त्याबद्दलचा भाग आपणहून उघडते आणि दोनदा वाचते.

पहिली तुकडी बारा-पंधरा जणींची आणि दोन मार्गदर्शकांची घ्या. ती संपली की पाठांवर काम करण्याआधी मार्गदर्शकांच्या फोनच्या नोंदी वाचा. एकच प्रश्न चार-पाच शिक्षिकांनी विचारला असेल, तर त्यावरचा व्हिडिओ नव्यानं करायला हवा; आणि ज्या व्हिडिओबद्दल फोनवर कुणीच काही बोललं नाही, तो पुढच्या तुकडीतून काढून टाकायला हरकत नाही.